फुकट कॉलचा पेफोन : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

काम असं आहे : जुन्या काळी सार्वजनिक फोनवरून पैसे न टाकता बोलण्यासाठी लोक ज्या युक्त्या करायचे, त्या प्रदर्शनात येणाऱ्याला आपल्या हाताने करून बघता याव्यात असा एक चालता पेफोन बनवायचा. पत्र्याचा सांगाडा मिळालाय. हुक शाबूत आहे, रिसीव्हरची वायर ठीक आहे, नाण्यांची यंत्रणा मात्र कोणीतरी आधीच काढून नेलेली. बरंच झालं. ती असती तर दुरुस्तीतच सगळा वेळ गेला असता.

मागे एक छोटा संगणक, त्यावर ॲस्टरिस्क, म्हणजे घरगुती एक्स्चेंज. फोन आणि त्याच्यामध्ये एक ॲनालॉग ॲडॉप्टर, म्हणजे जुना फोन संगणकाला जोडणारी पेटी, आणि हुकवर लक्ष ठेवायला एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम घालता येणारी छोटी चिप. बाहेरच्या कुठल्याही लाईनला हे जोडायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. कॉल शेजारच्या टेबलावरच्या फोनवर जाईल, तेवढं पुरे.

समोर एक खटका : ‘जुनं’ आणि ‘नवं’. ‘जुनं’वर युक्ती चालेल, ‘नवं’वर तीच युक्ती आपटेल. प्रत्येक युक्तीच्या पाटीवर एकच प्रश्न ठेवायचा : नाणं पडलं हे एक्स्चेंजला कळतं कसं? एक्स्चेंज काही मैल लांब बसलेलं, मध्ये तांब्याच्या दोन तारा. नाणं दिसण्याचा प्रश्नच नाही. त्या तारांवरून जे काही येईल त्यावर विश्वास ठेवायचा, दुसरा इलाज नाही. सगळ्या युक्त्यांची मेख इथेच आहे.

९ जानेवारी

सुरुवात हुकवरच्या टिचक्यांपासून, कारण त्याला सामान काहीच लागत नाही.

फिरत्या डायलचा फोन आकडा कसा पाठवतो, तर लाईनमधला प्रवाह तोडून. १ ला एकदा, ५ ला पाचदा, ० ला दहादा, सेकंदाला साधारण दहाच्या वेगाने. रिसीव्हर ठेवायचा हुकसुद्धा तेच करतो, प्रवाह तोडतो. एक्स्चेंजच्या लेखी डायलने तोडलेला प्रवाह आणि बोटाने हुक दाबून तोडलेला प्रवाह यांत काडीचाही फरक नाही. घरच्या फोनच्या डायलला कुलूप घालणाऱ्यांची फजिती यामुळेच व्हायची. कुलूप डायलला, हुक मोकळा.

या युक्तीचं खरं माहेर ब्रिटन. तिथल्या डब्यांवर १९२५ पासून ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन बटणं असायची. आधी पेनी टाकायच्या, मग नंबर फिरवायचा. पलीकडून आवाज आला की ए दाबायचं, नाणी पेटीत पडायची आणि आपला आवाज पलीकडे जायला लागायचा. कोणी उचललं नाही तर बी दाबून नाणी परत. नाणी पडेपर्यंत डायल निकामी ठेवलेली असायची. पण ऑपरेटर आणि आणीबाणीचा ९९९ बिनपैशाचा मिळायलाच हवा, म्हणून ० आणि ९ तेवढे मोकळे. बाकीचे आकडे लोक हुकवर टिचक्या मारून पाठवायचे.

यातली गंमत आज हाताने करून बघताना कळली. टिचक्या मारायला सगळ्यांत अवघड आकडे कोणते? ९ आणि ०. सलग नऊ-दहा टिचक्या एका लयीत, मध्ये न अडखळता मारणं म्हणजे बोटांची परीक्षा. आणि नेमके तेच दोन आकडे डायलवर आयते. टपाल खात्याने (तिथे तेव्हा फोन त्यांच्याकडेच होते) अवघड भाग स्वतःहून सोडवून दिला होता.

मायक्रोकंट्रोलरमध्ये नियम असे ठेवलेत : २० ते १५० मिलिसेकंद तुटलं तर एक टिचकी, ४०० च्या वर जोडलेलं राहिलं तर आकडा संपला, ६०० च्या वर तुटलेलं राहिलं तर फोन ठेवला. खऱ्या यांत्रिक एक्स्चेंजपेक्षा ही खिडकी सैल आहे. मुद्दामच. प्रदर्शनातला माणूस पहिल्या मिनिटात कंटाळून निघून जायला नको. मनगट टेकवून, मधल्या बोटाच्या टोकाने, हुक पूर्ण खाली न दाबता जेमतेम संपर्क तुटेल एवढाच दाबला की टिचक्या सुबक पडतात. संपर्क तुटताना पत्ती थरथरते आणि एका टिचकीच्या दोन मोजल्या जातात, म्हणून पहिले काही मिलिसेकंद मोजणी बंद ठेवली.

१४ जानेवारी

आता खरी नाणी. अमेरिकेतल्या तीन खाचांच्या फोनमध्ये निकल, डाइम आणि क्वार्टर, म्हणजे पाच, दहा आणि पंचवीस सेंटची नाणी, यांना वेगवेगळ्या खाचा. नाणं आतल्या पन्हाळीतून घरंगळताना घंटेवर आपटायचं. निकल एकदा टण्, डाइम त्याच घंटेवर दोनदा टण्-टण्, क्वार्टर एका जाड तारेच्या वेटोळ्यावर एकदाच, खोल घुमणारा डोंऽग. लांबच्या कॉलला ऑपरेटर सांगायची, अमुक इतके पैसे टाका, आणि मग कान देऊन मोजायची. पैशाचा हिशेब एका माणसाच्या कानावर, तोही शेकडो कॉल चालू असताना.

इथे आमच्या प्रश्नाचं उत्तर अगदी उघडं आहे : एक्स्चेंजला नाणं घंटेच्या आवाजाने कळतं. मग घंटा कुठे वाजली याच्याशी ऑपरेटरला काय करायचंय? शेजारी-शेजारी दोन फोन असले की लोक एकावर बोलायचे आणि दुसऱ्यात नाणी टाकायचे, पहिल्याचा रिसीव्हर दुसऱ्याच्या पत्र्याला चिकटवून. दुसऱ्या फोनवर कॉल लागलेलाच नसल्याने नाणी परत मिळायची. पुढे टेपरेकॉर्डर हातात मावायला लागले, तेव्हा घंटा घरूनच रेकॉर्ड करून आणायला लागले.

वेटोळं बनवायला जाड पोलादी तार घेतली. सैल गुंडाळली तर आवाज फाटतो, एका टोकाला घट्ट धरून बाकीचं अधांतरी सोडलं तर घुमतं. जुन्या भिंतीवरच्या घड्याळांत ठोका असतो तसंच काम.

घंटांचे दोन संच झालेत. एक आत बसवला, दुसरा आवाज जुळवायला टेबलावर सुटा ठेवलाय.

१५ जानेवारी

घंटा फोनच्या पत्र्यालाच थेट स्क्रूने पक्की केली की आवाज मरतो. खाली रबराची चकती घातली. झालं.

२१ जानेवारी

जमिनीची युक्ती. ही समजावून सांगायला सगळ्यांत कठीण, करायला सगळ्यांत सोपी.

जुन्या अमेरिकी पेफोनवर आधी नाणं टाकल्याशिवाय डायल टोनच यायचा नाही. नाणं आतल्या पेटीत पडलं की एक संपर्क जुळायचा आणि लाईनचा एक पाय जमिनीला, म्हणजे अर्थिंगला, टेकायचा. प्रवाह वाहायला लागला की एक्स्चेंजला कळायचं, पैसे आले, आणि टोन मिळायचा. म्हणजे नाण्याचं काम एका तारेएवढंच. मग लोकांनी तारच वापरली. माउथपीसच्या भोकातून टाचणी आत घालून ध्वनिग्राहकाला लावायची, दुसरं टोक फोनच्या धातूच्या अंगाला. डायल टोन हजर.

१९८३ च्या एका हॉलिवूड सिनेमात एक पोरगा डब्याच्या झाकणाची कडी वापरून हेच करतो. तेव्हापासून प्रत्येकाला हीच एक युक्ती माहीत. पण त्या सुमारास बरेच पेफोन आधीच बदलले होते. त्याचं कारण चोरी हे एकच नव्हतं. १६ फेब्रुवारी १९६८ ला अलाबामातल्या हेलीव्हिल गावातून पहिला ९११ चा कॉल लागला, आणि आग लागली असताना खिशात सुटे नाहीत म्हणून फोन लागत नाही, हे मग चालण्यासारखं नव्हतं. टोन आधी, पैसे नंतर, अशी रीत आली आणि टाचणीचा जीवच गेला. माउथपीसची झाकणं चिकटवून टाकणं वगैरे उपाय झाले, पण युक्ती मारली ती रचना बदलल्याने. हे मला पाटीवर ठळक हवंय. कुलपाने जी पळवाट बंद होत नाही ती कधी कधी भलत्याच कारणासाठी केलेल्या बदलाने बंद होते.

आमच्याकडे ॲडॉप्टर ही रीत ओळखतच नाही. म्हणून मायक्रोकंट्रोलरने मध्ये रिले धरून टोन अडवून ठेवायचा आणि माउथपीस व पत्रा यांच्यात संपर्क झाला की सोडायचा. व्होल्टेज पाचच.

त्यावरूनच एक निर्णय. खऱ्या फोनमध्ये कॉल संपल्यावर एक्स्चेंज लाईनवर १३० व्होल्ट सोडायचं. एका दिशेने सोडलं तर नाणी तिजोरीत, उलट दिशेने सोडलं तर ग्राहकाच्या हातात. फार सुंदर रचना आहे, एकाच रिलेतून दोन्ही कामं. पण लहान मुलं हात लावणार त्या पत्र्यावर १३० व्होल्ट मी आणणार नाही. १२ व्होल्टचं सोलेनॉइड, आणि पाटीवर खरं काय होतं ते लिहायचं.

२६ जानेवारी

आजचा दिवस आवाजांचा. घंटा गेल्या आणि बीप आले.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर एका खाचेचा फोन आला. तीन खाचांऐवजी एक, आत नाणं ओळखणारी यंत्रणा, आणि घंटेऐवजी टोन. सुरुवातीला एकच २२०० हर्ट्झ, पुढे जोडीला १७०० हर्ट्झ. निकलला ६६ मिलिसेकंदांचा एक बीप. डाइमला तसे दोन, मध्ये ६६ ची विश्रांती. क्वार्टरला ३३ मिलिसेकंदांचे पाच बीप, मध्ये ३३ ची विश्रांती. १९७० च्या दशकाच्या शेवटाला ऑपरेटरच्या जागी यंत्र आलं. रेकॉर्ड केलेल्या आवाजात पैसे मागायचं आणि बीप मोजायचं. माणसाचा कान गेला, पण कानावरचा विश्वास तसाच राहिला.

ओळखायला गोएर्टझेल पद्धत वापरतोय. संपूर्ण वर्णपट काढायचा नाही, हव्या त्या दोनच वारंवारितांची ताकद मोजायची, मायक्रोकंट्रोलरला झेपेल इतकं हलकं गणित. फोनचा आवाज सेकंदाला ८००० नमुन्यांनी येतो. बटणांचे टोन ओळखायला सगळे २०५ नमुन्यांची खिडकी घेतात, म्हणजे २५.६ मिलिसेकंद. इथे ती निरुपयोगी. ३३ चा बीप तिच्यात पूर्ण बसलाच तर नशिबाने, आणि विश्रांतीही तेवढीच लहान, त्यामुळे दोन बीप एकमेकांत मिसळतात.

८० नमुने घेतले. खिडकी १० मिलिसेकंदांची आणि तिची पट्टी बरोबर १०० हर्ट्झची. १७०० म्हणजे सतरावा कप्पा, २२०० म्हणजे बाविसावा, दोन्ही पूर्णांक. एकाची गळती दुसऱ्यात जवळजवळ शून्य. गुणक एकदाच काढून ठेवायचे : १७०० साठी ०.४६७, २२०० साठी उणे ०.३१३. बीप कधीही सुरू होवो, ३३ चा असेल तर दोन किंवा तीन खिडक्या पूर्ण भरतात आणि ६६ चा असेल तर पाच किंवा सहा. दोन्हींमध्ये गोंधळ व्हायला वावच नाही. भाचीने हे कागदावर रेघा मारून तपासलं आणि म्हणाली, “मामा, चार आले तर काय समजायचं?” चार आले तर खोटं नाणं. नियम तिथेच लिहून टाकला.

२७ जानेवारी

आवाजाची माहिती दाबून लहान करणारा कोडेक चालू राहिला होता. तो माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला, बीपचा पार चोथा करतो. आवाज जवळजवळ जसाच्या तसा पाठवणाऱ्या जी.७११ पद्धतीवर आणलं, सगळं सुरळीत.

२ फेब्रुवारी

लाल डबा, म्हणजे रेड बॉक्स : नाण्याचे खोटे बीप काढणारं साधन. बीप नुसते आवाज असतील तर ते दुसऱ्या कशानेही काढता येतात, हे लोकांना कळायला वेळ लागला नाही. १९९० च्या सुमारास जी पद्धत गाजली ती गणिताच्या अंगाने फारच देखणी आहे.

खिशात मावणारा टोन डायलर दुकानात मिळायचा. रिसीव्हरला लावून बटण दाबलं की टोन वाजायचे. त्याच्या आत ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल. अमेरिकी रंगीत टीव्हीत तेच लागायचं, म्हणून स्वस्त आणि सगळीकडे. ते काढून ६.५५३६ मेगाहर्ट्झचं बसवलं की सगळे टोन १.८३ पट चढे होतात. चांदणीचं (*) बटण मुळात ९४१ आणि १२०९ हर्ट्झ देतं. गुणा : १७२३ आणि २२१३. हवे होते १७०० आणि २२००. चूक दीड टक्क्याच्या आत, एक्स्चेंजच्या सैल कानाला ती चालून जायची. मग डायलरच्या मेमरीत पाच चांदण्या साठवायच्या, एक कळ दाबली की एक क्वार्टर.

६.५ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल लावलं तर १७०९ आणि २१९५ येतात, म्हणजे आणखी जवळ. तरी बहुतेकांनी ६.५५३६ च वापरलं, कारण ते सहज मिळायचं. दोनाचा सोळावा घात गुणिले शंभर असा तो आकडा, त्यामुळे दोनाने भागत भागत खाली आणायला सोयीचा. चोरीच्या साधनाची रचनासुद्धा बाजारात काय मिळतं त्यावर ठरते.

आमच्या १०० हर्ट्झच्या पट्टीत २३ हर्ट्झची चूक आरामात बसते. खरा डायलर उघडायची गरज नाही, संगणकावरून चढे टोन वाजवायचे आणि पाटीवर गुणाकार लिहायचा. एक बारकावा मात्र घ्यायचाच : बऱ्याच ठिकाणी नुसत्या आवाजाने भागायचं नाही. एक्स्चेंज जमिनीच्या संपर्कावरून पेटीत खरंच काही नाणं पडलंय का तेही बघायचं. म्हणून लोक आधी एक खरं निकल टाकायचे आणि बाकीचे पैसे आवाजाने. तर आमचं एक्स्चेंजही तसंच वागेल. निकलच्या आकाराची चकती टाका, मग चांदण्या वाजवा.

५ फेब्रुवारी

२६०० हर्ट्झ ठेवायचं की नाही यावर बरीच घासाघीस. माझं म्हणणं, तो पेफोनचा प्रश्न नाही, ट्रंक लाईनचा आहे. जोडीदाराचं म्हणणं, येणारा प्रत्येक जण शिट्टीचंच विचारणार. ठेवलं.

दोन शहरांमधली लांबची लाईन मोकळी असली की तिच्यावर २६०० हर्ट्झचा टोन चालू असायचा. कॉल चालू असताना कोणी तो टोन वाजवला की पलीकडच्या एक्स्चेंजला वाटायचं, लाईन सुटली. टोन थांबवला की नवा कॉल येतोय असं समजून ते आकड्यांची वाट बघायला लागायचं. इकडच्या बिलाच्या यंत्राच्या दृष्टीने जुना कॉल अजून चालूच. तो जुना कॉल १९६७ पासून सुरू झालेल्या ८०० च्या मोफत नंबरवरचा असेल तर बिल शून्य. पेफोनशी नातं इथे लागतं : पेफोनवरून ८०० फुकट, आणि कोण उभं होतं ते कोणाला माहीत नाही.

आकडे वेगळ्या टोनांनी जायचे. ७००, ९००, ११००, १३००, १५००, १७०० यांतले दोन-दोन. एकाला ७०० व ९००, शून्याला १३०० व १५००, सुरुवातीला ११०० व १७००, शेवटाला १५०० व १७००. निळा डबा म्हणजे हे टोन काढणारी पेटी. आणि हे काही गुपित नव्हतं. अमेरिकेतल्या बेल या टेलिफोन कंपनीच्या स्वतःच्या तांत्रिक नियतकालिकात १९५४ आणि १९६० साली इंजिनिअरांनी हे सगळं लिहून छापलं होतं. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत अंक जायचे. कंपनीला वाटलं, वाचणार कोण?

हे सगळे आकडे शंभराच्या पटीत आहेत, त्यामुळे आमच्या त्याच ८० नमुन्यांच्या खिडकीत आयते बसले. कोड फारसा वाढलाच नाही.

जो एन्ग्रेसियाचं नाव पाटीवर पाहिजेच. जन्मांध, १९४९ चा जन्म, स्वरज्ञान पक्कं. सात-आठ वर्षांचा असताना फोनवर शिट्टी वाजवताना कॉल तुटतो हे त्याच्या लक्षात आलं. पेटी नाही, डबा नाही, नुसते ओठ. कॅप्टन क्रंच या नाश्त्याच्या सिरियलच्या खोक्यातून मिळणारी खेळण्यातली शिट्टी २६०० वाजवायची हे खरं, पण गोष्टीत तिला जरा जास्तच भाव मिळालाय. १९७१ च्या ऑक्टोबरात एका अमेरिकी मासिकात यावर मोठा लेख आला, तो वाचून, पुढे जॉब्ससोबत ॲपल काढणाऱ्या वोझनियाकने स्वतःचा डिजिटल डबा बनवला. जॉब्ससोबत ते डबे विकले वगैरे सगळ्यांना पाठ आहे, तिथे एकच ओळ.

याच्यापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त सांगाविशी वाटते. हे फुकट कॉल पकडण्यासाठी बेलची मालक कंपनी एटी अँड टीने १९६४ ते १९७० या काळात ट्रंक लाईनींवर गुपचूप यंत्रं बसवून सुमारे ३.३ कोटी कॉल तपासले आणि त्यांतले १५ लाखांच्या वर रेकॉर्ड केले. त्यांत साध्या माणसांचे, पैसे भरून केलेले कॉलही होते. काही पोरांच्या शिट्ट्यांपायी किती घरांतलं बोलणं ऐकलं गेलं. शिट्टीची पाटी आणि ही पाटी एकाच उंचीवर लावायची.

११ फेब्रुवारी

माझा आवडता टेबल : ज्या युक्त्यांत काहीच चोरलं जात नाही. निदान कायद्याने सिद्ध करता येईल असं काही नाही.

अमेरिकेत ऑपरेटरकडून ठरावीक व्यक्तीसाठी कॉल लावता यायचा. ती व्यक्ती घरी नसेल तर पैसे नाहीत. मग मुलगा प्रवासाहून पोचला की घरी स्वतःच्याच नावाने कॉल लावायचा. आई ऑपरेटरला सांगायची, तो घरी नाही. ऑपरेटर माफी मागून फोन बंद करायची, आणि आईला कळलेलं असायचं की पोरगा सुखरूप पोचला. घराघरांनी नावांची यादी ठरवलेली असायची. एका नावाचा अर्थ गाडी उशिरा आहे, दुसऱ्याचा न्यायला या. ऑपरेटरला हे कळत नसेल असं मला वाटत नाही. रोज तीच नावं, तेच नकार.

ब्रिटनमध्ये ५ डिसेंबर १९५८ ला राणीने ब्रिस्टॉलहून एडिंबरोला थेट कॉल लावला आणि त्यानंतर ए-बी बटणं हळूहळू गेली. नव्या डब्यात पलीकडच्याने उचलल्यावर पिप-पिप वाजायचं, तेव्हा नाणं आत ढकलायचं. आधीच्या क्षणभरात जे ओरडून सांगता येईल ते फुकट. “स्टेशनवर!” एवढं पुरायचं. आमच्या नमुन्यात तो क्षण पाऊण सेकंदाचा ठेवलाय. लोकांना त्यात काय बसवता येतं ते बघू.

मिस्ड कॉल म्हणजे याच घराण्यातला शेवटचा वंशज, पण त्याची पाटी लावली तर गर्दी तिथेच थांबेल. नको.

१३ फेब्रुवारी

काय घ्यायचं नाही ते आज ठरलं. नाणी परत येण्याच्या खोबणीत बोळा कोंबून ठेवायचा, दिवसभर लोकांची परत येणारी नाणी तिथे अडकायची आणि संध्याकाळी येऊन गोळा करायची, ही युक्ती आमच्या यादीत होती. काढली. बाकीच्या युक्त्यांत कंपनी फसते, इथे रांगेतला पुढचा माणूस लुबाडला जातो. तीच गोष्ट डबे फोडण्याची. फोन बिघडला की ज्याच्या घरी फोन नाही त्याचीच पंचाईत. काही जण म्हणतील, सगळी चोरीच. असेल. पण हा फरक मला स्वच्छ दिसतो आणि नमुना माझा आहे.

दोऱ्याला बांधलेलं नाणं आणि लोखंडी चकती यांना अर्धी पाटी. चकती चुंबकाने अडवली जाते, दोऱ्याला आतली कात्री. पुढे.

१८ फेब्रुवारी

खटक्याची ‘नवं’ बाजू. इथे नाण्याचा संकेत आवाजाच्या लाईनवर जातच नाही. नाण्याच्या खाचेतून वेगळी वायर थेट संगणकाला. आता रिसीव्हरमध्ये बीप वाजवा, घंटा वाजवा, शिट्टी मारा, एक्स्चेंज ते फक्त पलीकडच्या माणसाला पोचवतं.

खऱ्या जगात हे दोन वाटांनी झालं. ट्रंक लाईनींवर १९७६ पासून संकेतांसाठी वेगळी वाहिनी यायला लागली आणि निळा डबा एकेका शहरातून हद्दपार होत गेला. २६०० ला ऐकणारी एक लाईन मिनेसोटातल्या वावीना या छोट्या गावात २००६ च्या जूनपर्यंत टिकून होती. ती बंद होण्याआधी जगभरातले हौशी तिथे कॉल करून ते आवाज शेवटचे ऐकत होते. पेफोनच्या बाजूने बदल आला १९८४ ला, खासगी मालकांना पेफोन बसवायची परवानगी मिळाली तेव्हा. या फोनमध्ये हिशेब फोनच्या पोटातच. नाणं मोजणारा आणि कॉल सोडणारा एकाच डब्यात, मग बीप कशाला हवेत?

पण त्यालाही पळवाट निघाली. ८०० चा नंबर लावायचा, पलीकडच्याने फोन ठेवला की एक्स्चेंज नवा डायल टोन द्यायचं, आणि फोनच्या पोटातला हिशेबनीस अजून मोफत कॉलच चालू आहे या समजुतीत. त्या टोनवर हवा तो नंबर फिरवायचा. मग मालकांनी कॉल लागल्यावर बटणं बंद करायला सुरुवात केली. त्याने फोनवरून व्हॉइसमेल ऐकणाऱ्या सरळ माणसाचे हाल झाले.

‘नवं’ बाजूला हीसुद्धा टाकली. म्हणजे नवं पूर्ण अभेद्य नाही. खटक्याच्या पाटीवर ‘सुरक्षित’ हा शब्द होता, खोडला.

२३ फेब्रुवारी

चाचणी. वीसेक मुलं, काही पालक. टिचक्यांच्या टेबलावर सगळ्यांत जास्त गर्दी, आमचा अंदाज शिट्टीचा होता. वयस्कर मंडळी न शिकवता टिचक्या मारतात, त्यांची बोटं विसरलेली नाहीत. पिप-पिपच्या आधी बसलेलं सगळ्यांत लांब वाक्य : “आईनाहीयेनंतरकर”.

एका मुलीने आत नाणं न टाकताच मोजणी वाढवली. टेबलावरच्या सुट्या घंटेवर पेनाने टकटक, रिसीव्हर जवळ धरून. दोन फोनांची ती युक्ती पाटीवर लिहायची राहिलेली होती, तिला कोणी सांगितली नव्हती. आता लिहिणार नाही. सुटी घंटा मात्र टेबलावरच राहील.

एक अडचण : एक छोटा मुलगा रिसीव्हरमध्ये नुसता किंचाळला की २६०० चा दिवा लागतो. किंचाळीत सगळ्याच वारंवारिता असतात, त्यांत २६००ही. खऱ्या एक्स्चेंजलाही हाच त्रास होता, बाईचा चढा आवाज किंवा मागचं संगीत यांनी कॉल तुटायचे. म्हणून तिथे राखण ठेवलेली असायची : २६०० ची ताकद बाकीच्या सगळ्या आवाजाच्या ताकदीशी ताडून बघायची, ती ठळकपणे वरचढ असेल तरच मानायचं. आमच्या कोडमध्ये बाकीच्या आवाजाची मोजणीच नव्हती. दहा-बारा ओळींचं काम, भाचीने घेतलंय.

उरलेलं : सोलेनॉइड तापतं, त्याला वेळेची मर्यादा घालणे. तारेच्या वेटोळ्याचं सुटं टोक आणखी थोडं अधांतरी सोडणे. पालकांसाठीच्या पाटीवर अक्षरं मोठी करणे.